खात्याची परीक्षा

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बीडच्या स्टँडवर आष्टीची गाडी लागली तेव्हा पाऊण गाडी बायकांनीच भरली होती. अर्धं तिकीट झाल्यापासून सणावाराला हे असंच. मला खिडकी मिळाली नाही. खिडकीत एक म्हातारी बसली होती, मांडीवर वायरची पिशवी, पिशवीच्या तोंडातून पोरीच्या नव्या फ्रॉकची झालर बाहेर आलेली. तिच्या शेजारी टेकले, तिकीट काढलं आणि मोबाइल उघडून वाचायला लागले. घाट चढून, मांजरसुंबा मागं टाकून गाडी पाटोद्याच्या रस्त्याला लागली तरी माझी मान खालीच. म्हातारी मधून मधून डोकावत होती, हे न बघताही कळत होतं. शेवटी तिला राहवलं नाही. "काय वाचायलीस गं बाई एवढं? गाडी एवढी आदळायली तरी मान वर काढंनास."

मोबाइलमध्ये त्या वेळी एक उंचापुरा गडी, जो मनात आलं की बिबट्या होतो, एका बाईच्या मानेशी नाक नेऊन तिचा वास घेत होता. मी मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाले, "खात्याची परीक्षा आहे मावशी. तिचं वाचतेय."

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसले नसते. पण मावशीनं ते फार मनावर घेतलं. आधी स्वतःचं कोपर आवरून खिडकीला चिकटून बसली, मला धक्का लागू नये म्हणून. पुढच्या सीटवर एक पोरगं मोबाइलवर काहीबाही मोठ्यानं लावून बसलं होतं, त्याला म्हणाली, "ए, बंद कर ते. बाईची परीक्षा हाय." पोरानं वळून माझ्याकडं पाहिलं. कंडक्टरनंही पाहिलं. मग त्या सगळ्या शांततेत, सगळ्या गाडीच्या साक्षीनं, मला पुढचं प्रकरण वाचावं लागलं, आणि ते प्रकरण नेमकं चारचौघांत वाचण्यासारखं नव्हतं. पाटोद्याच्या पुढं एका फाट्यावर मावशी उतरायला उठली. तिचा लेक आणि सून कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले, नात हिच्याजवळ ठेवलेली, फ्रॉक त्या नातीसाठी, एवढं मला कळलं ते तिनं कंडक्टरला सांगितलं म्हणून. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. उतरताना तिनं दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "पास व्हशील बघ. साहेबीण व्हशील."

तिच्या तळव्यांचा खरखरीतपणा जामखेड येईपर्यंत गालावर होता.

खोटं बोलण्याचं एवढं काही नाही. ह्या पुस्तकांच्या बाबतीत मी सोळा वर्षं खोटं बोलत आले आहे. सुरुवातही खोटेपणानंच झाली. २००९ साली आम्ही दोघी चुलत बहिणी औरंगाबादला शिकायला होतो, एका खोलीत राहायचो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, थोरल्या काकांची लेक. औरंगपुऱ्यातून एकदा ती जुन्या पुस्तकांच्या ढिगातलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. आल्या आल्या आधी त्याला शाळेतल्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'इंग्लिश ग्रामर'. काका अचानक भेटायला यायचे, येताना डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन यायचे, आणि टेबलावर ते ग्रामर पाहून त्यांना बरं वाटायचं. एकदा त्यांनी ते उचलून तळहातावर तोललंही होतं. "लई जाड हाय व्याकरण," म्हणाले. आम्ही दोघी श्वास धरून.

ते नलिनी सिंहचं 'स्लेव्ह टू सेन्सेशन' होतं. ज्यांनी हिची पुस्तकं वाचली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी नाही वाचली त्यांना थोडक्यात सांगितलं तर हसू येईल, पण सांगते. साय नावाची माणसांची एक जमात आहे, डोक्यानं अफाट, मनानं मनाशी बोलणारी. १९७९ साली ते ठरवतात की आपल्यातलं वेड आणि हिंसा थांबवायची तर भावनाच नकोत. पोरांना लहानपणापासून तसं वळण लावायचं. राग नाही, लोभ नाही, रडणं नाही, हसणं नाही. ह्या व्यवस्थेचं नाव 'सायलेन्स'. मौन. ज्याला काही वाटतं तो सदोष माल, त्याची रवानगी पुनर्वसनाला, म्हणजे मेंदू पुसून पाटी कोरी. (आमच्याकडं पुनर्वसन म्हटलं की धरणाखाली गेलेली गावं नाहीतर किल्लारीचा भूकंप आठवतो, त्यामुळं पहिल्यांदा वाचताना मी तिथं बराच वेळ अडखळले होते.) आणि त्यांच्या शेजारी राहतात चेंजलिंग, माणसाचे बिबटे होणारे, लांडगे होणारे, जे एकमेकांना हात लावल्याशिवाय, डोक्यावर टपली मारल्याशिवाय, खांद्यावर मान टाकल्याशिवाय एक दिवस काढू शकत नाहीत. पहिल्या पुस्तकात मौनातली साशा बिबट्यांच्या म्होरक्याला, लुकासला, कामानिमित्त भेटते. तिला आयुष्यभर वाटत आलेलं असतं की आपल्यातच काहीतरी बिघाड आहे, कारण तिला आतून सगळं वाटतं. तिच्या जमातीत वाटणं हाच बिघाड.

नाव बघून आम्हाला लेखिका आपल्याकडचीच वाटली होती. ती जन्मली फिजीत, वाढली न्यूझीलंडमध्ये. फिजी हे नाव तेव्हा मी फक्त भूगोलात ऐकलेलं. पुढं वाचलं की तिथं हिंदुस्थानातली माणसं १८७९ पासून जहाजानं नेली, करारावर, उसाच्या मळ्यात राबायला. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचताना नकाशा लागत नाही. उचल घ्यायची, मुकादमाच्या मागं जायचं, सहा महिने पाचटात राहायचं, आणि नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' मोजला जायचा, हे आम्ही दर दिवाळीला रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांत बघतो. इतका ऊस जिथं उगवतो त्या बेटावर जन्मलेली बाई बिबट्यांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहिते, ह्याचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. पण मला तिच्याबद्दल उगाच आपलेपणा वाटायला लागला तो तिथून.

त्या पुस्तकांतली एक कल्पना आहे, 'स्किन प्रिव्हिलेजेस'. कोण कुणाला किती जवळचा, त्यावर कुणी कुणाला कुठवर हात लावायचा ते ठरतं, आणि तो हक्क समोरच्यानं द्यायचा असतो, मागितल्याशिवाय घ्यायचा नसतो. हे मराठीत कसं सांगायचं ह्यावर आमचा दोघींचा एका रात्रीत मोठा खल झाला होता. 'स्पर्शाचा हक्क' म्हटलं तर कविसंमेलन. 'हात लावणं' म्हटलं तर पोलिसात तक्रार. आमच्याकडं हात लावला म्हणजे वाईटच लावला. 'अंगचटीला जाणं' तर सरळ शिवी. 'गोंजारणं' हा शब्द गाईला आणि तान्ह्या पोराला राखून ठेवलेला. मधल्या वयाच्या माणसांना एकमेकांजवळ जायला आपल्या बोलण्यात शब्दच नाही, एकतर पुस्तकी नाहीतर शिवीचा. ती म्हणाली, "नसूच दे. शब्द असता तर तोही बंद केला असता."

आता ह्या पुस्तकांत खोट काढायची म्हटलं तर पुष्कळ निघते, आणि मी काढते. नायक एकजात उंच, एकजात रुंद खांद्याचे, एकाचंही पोट सुटलेलं नाही. कपडे फाटतात, रूपं बदलतात, पण भांडी कोण घासतं ते वीस पुस्तकांत कळलेलं नाही. दहाव्या भागापर्यंत आलं की कोण कुणाच्या गळ्यात पडणार हे पहिल्या पन्नास पानांत ओळखता येतं. आणि जोडीदाराचा तो बंध, जो जुळला की कुणाचं काही चालत नाही, तो मला हल्ली फार सोयीचा वाटतो. नियतीनंच जमवलं म्हटल्यावर कुणी कुणाची समजूत काढायला नको, ही तर पत्रिकाच झाली, फक्त गुरुजी नाहीत. पण दर वर्षी पुस्तक आलं की पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागते आणि सकाळी ऑफिसात डोळे चोळत बसते, हेही खरंच.

वाट बघण्याचं आम्हा बीडकरांना कुणी शिकवायला नको. आमची रेल्वे येणार येणार म्हणत पिढ्या गेल्या. २०२२ च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत आली आणि बीडला पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. त्या मानानं नलिनी सिंह फारच वक्तशीर. २००६ ला मालिका सुरू झाली, २०१३ च्या बाराव्या पुस्तकात मौनाची व्यवस्था कोसळली, २०१६ ला पंधरावं, आणि २०१७ पासून त्याच जगातलं दुसरं पर्व. बाराव्या पुस्तकात मौन मोडलं तेव्हा मी बीडला सासरी होते, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. सासूबाईंनी विचारलं, डोळे का लाल. म्हटलं, कांदा.

त्याच वर्षी आमच्या घरात मात्र मौन सुरू झालं. माझ्या त्या चुलत बहिणीनं तिच्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. थोरल्या काकांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मी तेव्हा तिथं होते. काका ओल्या धोतरानं अंगणात उभे, काकू चुलीपुढं, आणि माझे वडील, अण्णा, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीकडं गेले ते दिवस मावळेपर्यंत आलेच नाहीत. तेव्हापासून तिचं नाव घरात कुणी घेत नाही. माझ्या लग्नातल्या फोटोंच्या अल्बममध्ये एका पानावर कात्रीनं कापलेली जागा आहे, माझ्या डाव्या खांद्याशी, नुसता तिचा हात राहिलाय, हिरव्या बांगड्यांचा. घरात घेत नाहीत म्हणून मीही इथं नाव लिहीत नाही. ह्यात माझाही भेकडपणा आहे, तो कबूल.

आमचं दोघींचं बोलणं असतं, ते एवढंच. नवीन पुस्तक निघालं की तिचा मेसेज येतो, 'आलं.' चार दिवसांनी मी लिहिते, 'वाचलं.' मग आम्ही कोण कुणाला काय म्हणाला ह्यावर तासभर भांडतो. लांडग्यांचं चुकलं की अस्वलांचं. साशाची आई निकिता, जी जगासमोर पोटच्या पोरीशी नातं तोडते आणि पुढं कधीतरी कळतं की तिनं लेकीला जपण्यासाठी काय काय केलं होतं, ती बाई दगड की माय, ह्यावर आमचं अजून एकमत नाही. काका कसे आहेत असं ती कधी विचारत नाही. काका २०१८ ला गेले, तेव्हाही मी तिला फोन केला आणि फोनवर दोघी गप्प बसलो. तिच्या डीपीला एक लहान पोरगी असते, दोन वेण्यांची, नाक थेट काकांचं.

२०२० च्या नोव्हेंबरात मात्र ही पुस्तकं मला वाचवेनात. मी कोरोनातून उठले होते आणि महिनाभर माहेरी, आष्टी तालुक्यातल्या आमच्या वाडीवर, अंगावर ऊन घेत पडून होते. वेळच वेळ म्हणून पहिलं पुस्तक परत काढलेलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बिबट्यानं तालुक्यात तिघांचा जीव घेतला, त्यात एक लहान पोरगा. तूर डोक्याएवढी वाढलेली, कापूस वेचायला आलेला, ज्वारीला पाणी द्यायचं, आणि लाईट रात्रीची. दिवस बुडाला की रस्ते मोकळे. बायका चौघी-पाचजणी मिळून एकीच्या रानात, मग दुसरीच्या, हातात डबे वाजवत. वहिनी कापूस वेचताना दर दोन मिनिटांनी मान वर करून सरी बघायची, तिच्या मानेला गाठ आली. अशात रात्री गोधडीत तोंड घालून मी काय वाचत होते, तर बिबट्याच्या डोळ्यांतला सोनेरी प्रकाश, बिबट्याचा लाडिक गुरगुराट. एका रात्री वाचता वाचता बाहेर खरंच कुत्री एकदम गप्प झाली. भुंकत होती ती गप्प झाली. मी मोबाइल उशीखाली घातला तो डिसेंबरात करमाळ्याकडं त्याला गोळी घातल्याची बातमी येईपर्यंत पुस्तक उघडलं नाही. बातमी आली तेव्हा गावात फटाके वाजले. मला सुटल्यासारखंही झालं आणि कसंतरीही झालं, आणि हे दुसरं कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

त्याच दिवसांतली एक रात्र. भाऊ पाणी धरायला गेला होता, सोबत शेजारचा एक गडी. जाऊ नको म्हणून सगळ्यांनी सांगून झालं, पण ज्वारी वाळत होती आणि लाईट आठ तासच. अण्णांनी काहीच सांगितलं नाही. जेवून ओसरीत बाजेवर बसले, एका हाताशी कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बॅटरी. मी आत पडून दाराच्या फटीतून बघत होते. दर थोड्या वेळानं बॅटरी लावायचे, रस्त्यावर उजेड टाकायचे, विझवायचे. सेल वाचवायची सवय. बारा वाजले, एक वाजला. ते खाकरलेसुद्धा नाहीत. दोनच्या सुमाराला लांबून भावाच्या बोलण्याचा आवाज आला, मग गडी आपल्या घराकडं वळला, मग भाऊ चिखलाच्या पायांनी अंगणात. अण्णा उठून उभे राहिले. आता काहीतरी बोलतील असं मला वाटलं.

"मोटर बंद केली का?"

"केली," भाऊ म्हणाला. अण्णांनी बॅटरी त्याच्या अंगावर लावली, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात बैल बघतात तशी. मग जवळ जाऊन त्याच्या स्वेटरच्या बाहीला चिकटलेलं एक कुसळ काढलं. एक काढलं, मग दुसरं, मग कोपराजवळचं तिसरं. प्रत्येक वेळी चिमटीत धरून बॅटरीच्या उजेडात बघायचे आणि अंगणात टाकायचे. भाऊ उभाच. पस्तीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, हात थोडे अंगापासून लांब धरून, शाळेत पाठवताना आई बटणं लावते तसा. सगळी कुसळं संपली. अण्णा म्हणाले, "जा, झोप," आणि कुऱ्हाड उचलून कोपऱ्यात ठेवली.

तर ह्या दिवाळीला, मावशीचा आशीर्वाद घेऊन, मी त्याच ओसरीत बसले होते. सप्टेंबरच्या पावसानं यंदा रानाची दशा केलेली, कापसाची बोंडं झाडावरच काळी पडलेली, त्यामुळं दुसऱ्या दिवशी भाऊबीज असली तरी घरात बोलणं कमीच होतं. संध्याकाळी लाईट गेली. पोरं अंगणात उरलेल्या टिकल्या दगडानं फोडत होती, त्या वासात अण्णा बाजेवर पडलेले. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलंय, दुसऱ्याचं राहिलंय. मी खांबाला टेकून मोबाइलवर वाचत होते, आणि माझ्या तोंडावर त्याचा उजेड पडला असणार.

"काय वाचायलीस?" अण्णांनी विचारलं.

खात्याची परीक्षा जिभेवर आली होती. मग गालावरचे ते खरखरीत तळवे आठवले, आणि एका दिवसात दोनदा नको वाटलं. म्हणाले, "गोष्ट हाय अण्णा. बिबट्याची."

अण्णा उठून बसले. "आपल्याकडच्या?"

"नाही. अमेरिकेतल्या."

"मारला का शेवटी?"

"नाही," मी म्हणाले. "लगीन झालं त्याचं."

अण्णांनी त्यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. अंधारात त्यांनी तंबाखू मळलेली ऐकू आली, मग चुन्याची डबी बंद केल्याची टक्. मला वाटलं विषय संपला.

"कुणाशी?"

"एका बाईशी. माणसातल्या. तिच्या घरच्यांना पसंत नव्हतं."

"मग?"

"मग गेली ती घर सोडून. त्याच्याकडंच राहती. एक पोरगी हाय त्यांना."

अंगणात टिकली फुटली. पोरं हसली. आतून वहिनीनं चिमणी लावल्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला, तेव्हा दिसलं की अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते, दिवसभर बघतात तसे.

"सुखात हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. तंबाखू दाढेला धरली, पुन्हा आडवे झाले, आणि चादर ओढून घेता घेता म्हणाले, "लाईट आली की मोटरचं बघ म्हणावं त्याला."